कळंब ते नळदुर्ग: एका परदेशी खेळाडूच्या शोधात

कळंबच्या फुटबॉल क्लबाला परदेशी खेळाडू कशाला हवा होता? हा प्रश्न मला आईने विचारला, शाळेतल्या मोठ्या बाईंनी विचारला आणि मोटारीत शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईंनीही विचारला. तिघींना मी तीन वेगळी उत्तरं दिली. खरं उत्तर मला आजही येत नाही.

एवढं आठवतं की पुण्याला शिकत असताना मी वर्तमानपत्रात वाचलं होतं, कलकत्त्याकडचे लहानसहान क्लबसुद्धा ब्रह्मदेशातून आणि आणखी कुठून कुठून खेळाडू बोलावतात. बी.ए. होऊन मी कळंबला परत आले. आमच्या घरात माझ्याआधी मॅट्रिकसुद्धा कुणी झालं नव्हतं. मुलींच्या शाळेत नोकरी लागली आणि क्लबाची चिटणीसकीही गळ्यात पडली, कारण क्लबाचा कप्तान माझा दादा आणि इंग्रजी अर्ज लिहिणारी गावात मी एकटी. पहिल्याच बैठकीत मी विश्वबंधुत्वावर बोलले. खेळाच्या मैदानावर देशादेशांच्या भिंती कशा गळून पडतात हे पाऊण तास सांगितलं. अकरा खेळाडू ऐकत होते, त्यातले दोघे भिंतीला टेकून झोपले. बाकीच्यांनी "बाई म्हणत्यात तर आणू की" असं म्हणून ठराव पास केला.

मग हैदरचाचांच्या साडूचं नळदुर्गहून पत्र आलं. हैदरचाचा खोगिरं शिवतात आणि आमचा एकुलता एक चेंडूही तेच शिवतात. त्यांनी ते उर्दू पत्र मला वाचून दाखवलं. "इथं किल्ल्याजवळ एक परदेशी राहतो. पाय कसला, तोफ आहे. पण कागद नाही म्हणून सामन्यात घेत नाहीत."

कागद म्हणजे पासपोर्ट, हे मी तत्काळ ओळखलं.

धाराशिवला उरुसात जे सामने होतात त्यांचा नियम असा की खेळाडू निजामी मुलखातला पाहिजे आणि त्याच्याजवळ मुलकी दाखला, म्हणजे तो इथलाच असल्याचा सरकारी कागद, पाहिजे. बाहेरचा एकच चालतो, तोही कमिटीने आधी मंजूर केला तर. मी त्याच दिवशी कमिटीला दीड पानाचा इंग्रजी अर्ज लिहिला. नळदुर्गच्या किल्ल्याजवळ राहणारा सदर इसम या मुलखाचा नसून परदेशचा रहिवासी आहे, याची मी स्वतः खात्री देते, असं त्यात होतं. खाली सही, सहीपुढे बी.ए., आणि त्याखाली दोन रेघा.

मग त्या परदेशी गृहस्थाशी बोलायला इंग्रजी येणारं माणूस हवं म्हणून नळदुर्गला जायचंही माझ्याकडेच आलं. एकटीला बाबांनी सोडलं नसतं. हैदरचाचा बरोबर येतो म्हणाले तेव्हा बाबा तयार झाले. मी पिशवीत एक डबलरोटी, चहाची पुडी आणि एक चमचा घेतला. पाहुण्याला हाताने जेवायची सवय नसेल असं वाटलं.

पहिला दिवस: कळंब ते धाराशिव

ज्यांना या रस्त्याने जायचं असेल त्यांनी मोटारीत पुढच्या बाजूला जागा धरावी. लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही म्हणून सगळ्या मोटारी कोळशाच्या गॅसवर चालतात आणि ती भट्टी मागे बांधलेली असते. मागे बसणाऱ्याचा चेहरा येरमाळ्यापर्यंतच ओळखू येतो. येडशीच्या चढावर मोटार दमली आणि क्लीनर ओरडला, "उतरा, उतरा, समदे उतरा! म्हातारी मानसं तेवढी बसा." हैदरचाचांचं वय साठ, पण ते सगळ्यांत आधी उतरले. म्हाताऱ्यांत मोजलं जाऊ नये म्हणून चढभर माझ्यापुढे चालत राहिले. रस्ता झाडीतून वळणं घेत जातो आणि पायीच जास्त चांगला दिसतो, तेव्हा उतरावं लागलं तर वाईट वाटून घेऊ नये.

धाराशिवला चाचांच्या बहिणीकडे मुक्काम केला. त्यांनी केलेली खिचडी आणि चिंचेचं सार मी दोनदा मागून घेतलं. जेवताना त्यांनी विचारलं, "बेटी, परदेश्याला भेटून काय करणार?" मी म्हटलं, "त्यांच्या देशाबद्दल विचारीन." त्या चाचांकडे बघत राहिल्या. चाचा म्हणाले, "शिकलेली मुलगी आहे, चौकशी करते."

दुसरा दिवस: तुळजापूर आणि नळदुर्ग

तुळजापूरला मोटार बदलावी लागते. मध्ये दोन तास मिळतात, तेवढ्यात देवीचं दर्शन होतं. मी पायऱ्या उतरताना इंग्रजी वाक्यं पाठ करत होते. मागून येणाऱ्या एका पुजाऱ्यांना ते स्तोत्र वाटलं. "कोणतं म्हणता हो बाई?" असं त्यांनी आदराने विचारलं. मी खोटं बोलले नाही, फक्त पायऱ्या भरभर उतरले.

नळदुर्ग सोलापूर-हैदराबाद सडकेवर आहे. इथपर्यंत आपला निजामी हाली सिक्का चालतो. पुढे सोलापूरकडे जायचं तर नाक्यापलीकडे इंग्रजी मुलूख, तिथे कलदार म्हणजे इंग्रजी रुपये लागतात, तेव्हा आधीच बदलून घ्यावेत. किल्ला गावाला लागूनच आहे. बोरी नदी आत घेऊन तिच्यावर धरण बांधलंय आणि त्या धरणाच्या पोटात महाल आहे. पावसाळ्यात त्याच्यावरून दोन धबधबे पडतात, नर आणि मादी म्हणतात त्यांना. आम्ही हिवाळ्यात गेलो, मला दोन ओले डाग दिसले. खरं म्हणजे मी किल्ल्याकडे नीट पाहिलंच नाही. मी परदेशी माणसाचं घर शोधत होते.

ते घर कौलारू होतं. दारात म्हैस होती आणि एक बाई गोवऱ्या थापत होत्या.

"परदेशी इथंच राहतात का?" मी विचारलं.

"व्हय, हेच घर." त्यांनी आत हाक मारली, "अवो, कोन आलंय बघा!"

आतून तिशीचे एक गृहस्थ आले. धोतर गुडघ्यापर्यंत, भरदार मिशी, हात ओले. मी पुढे झाले आणि तुळजापूरपासून घोकलेलं वाक्य म्हटलं, "हाऊ डू यू डू, सर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चाचांकडे. "काय म्हनत्यात ओ ह्या?"

"विचारतेय, कसे आहात," चाचा म्हणाले.

"मग बरं हाय की. आत या ताई, उन्हात कशाला हुबं ऱ्हाताय?"

इतकं चांगलं मराठी! मला गहिवरून आलं. एवढ्या लांबून येऊन माणूस इथली भाषा अशी शिकतो, याला म्हणतात विश्वबंधुत्व. मी मराठीवर आले. "तुम्हाला इकडं येऊन किती वर्षं झाली?"

"कुनाला? मला?" ते घोंगडी झटकता झटकता थांबले. "मी हितंच जन्मलो. माझा बाप बी हितलाच. आज्जा आला हुता फौजेतनं, घोड्यावर. बुंदेलखंड का काय म्हनत्यात तिकडनं."

"मग तुम्ही परदेशी..."

"आडनाव हाय, ताई. रामसिंग परदेशी."

मी चाचांकडे वळले. चाचा माझ्यापेक्षा चकित झाले होते. "तुला माहीत नव्हतं? अगं, तुझ्या वर्गात नाहीत का परदेश्यांच्या पोरी?"

आहेत. दोन आहेत. मी रोज सकाळी त्यांची हजेरी घेते.

पिशवीतला चमचा माझ्या कुशीला टोचत होता. पण खरी फजिती पुढेच होती. रामसिंगांच्या पत्नी गंगाबाई यांनी हात धुऊन आम्हाला जेवायलाच बसवलं. ज्वारीची भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, कांदा. आम्ही कळंबचे म्हटल्यावर त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "कळंबला कोन एक बी.ए. झालेली सटवी हाय म्हनं. वळखता का तिला?"

चाचांनी कांद्यात एकदम लक्ष घातलं.

"का हो?" मी विचारलं.

"ह्यांचा मुलकी दाखला निघायला आलता. आडनाव परदेशी म्हनून कचेरीत आधीच शंका काढत हुते. चार म्हैनं हेलपाटे घालून ह्यांनी पटवलं. तर त्या सटवीनं लिहून दिलं की ह्यो मानूस ह्या मुलखाचाच न्हाय! मी खात्री देते म्हनली! सामन्याच्या कमिटीत जो कारकून, त्योच कचेरीत. त्यानं तो कागद उचलून ह्यांच्या कागदाला टाचला. एवढी शिकलेली बाई खोटं कशाला लिहील, म्हनला." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "दिसायला कशी हाय वो ती?"

"माझ्यासारखीच आहे," मी म्हटलं. घास गिळला आणि पुढचं सांगितलं. "मीच ती."

मी उठायला लागले. गंगाबाईंनी माझ्या ताटात गरम भाकरी टाकली. "बसा. जेवा आधी. ताटावरच्या मानसाला शिव्या घालायची आमच्यात रीत न्हाय. मागनं घालते."

आणि जेवण झाल्यावर घातल्या. मी त्या सगळ्या ऐकून घेतल्या. काही शब्द मला नवीन होते.

रामसिंग ओरडले नाहीत, ते जास्त जड गेलं. ते करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर रोजंदारीवर आहेत, मालाच्या गाड्या तपासायला. आता तीच जागा कायम होणार, पण सरकारी नोकरीला मुलकी दाखला लागतो. "म्हैनाअखेरपातूर दाखला दाखवायचा, न्हायतर जागा दुसऱ्याला," ते म्हणाले. महिनाअखेरीला बारा दिवस राहिले होते.

"मी लिहून देते, की माझी चूक झाली."

"द्या की मग."

संध्याकाळी चाचांनी पोतडीतून चेंडू काढला. किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या जागेत रामसिंगांनी तो अनवाणी पायाने मारला. इतक्या लांबून कुणी मारलेला चेंडू इतका सरळ जाताना मी कधी पाहिला नव्हता. बुरुजावर आपटून तो आमच्या डोक्यावरून मागे गेला. चाचा चेंडूची शिवण तपासायला धावले. माझ्या मनात विश्वबंधुत्व वगैरे काही उरलं नव्हतं. मी फक्त आमच्या शेजारच्या वाशी गावाच्या गोलरक्षकाचा चेहरा डोळ्यांपुढे आणत होते. वाशीकडून आम्ही दर वर्षी हरतो.

"दाखला मिळाला तर तुम्ही कुणाकडून खेळाल?" मी विचारलं.

"नळदुर्गकडनं! गावाकडनं खेळता यावं म्हनून बी तर कागद मागत हुतो." ते हसले. "आन् न्हाय मिळाला तर तुमच्याकडनं. परदेशी म्हनून."

परतीचा प्रवास

तुळजापूरच्या पुढे चाचा म्हणाले, "दाखला मिळाला की हा माणूस आपल्याविरुद्ध खेळणार. समजलं ना?"

"समजलं."

"मग ठीक." आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

धाराशिवला भट्टी साफ करून कोळसा भरायला मोटार अडीच तास थांबली. चाचा नमाजाला गेले. चौकातल्या हॉटेलात चहा चांगला मिळतो म्हणतात. मला तो घ्यायला वेळ झाला नाही, म्हणून त्याबद्दल खात्री देत नाही. खात्री देणं मी सध्या बंद केलं आहे.

घरी पोहोचले तर आई दारातच. "गोरा होता का गं?" मी म्हटलं, "आपल्यासारखाच होता." आईची जरा निराशा झाली. डबलरोटी तशीच परत आली होती, ती बाबांनी दुधात बुडवून खाल्ली.

या सहलीतून काय राहिलं, याचा मी दोन दिवस विचार करते आहे. चढावरची झाडी राहिली. गंगाबाईंच्या हातची भाकरी राहिली आणि त्यांचे काही शब्दही राहिले, जे मला शाळेत वापरता येणार नाहीत. सकाळी हजेरी घेताना परदेश्यांच्या मुलींच्या नावापाशी मी अडखळते. मुली हसतात. एकीने विचारलंच, "बाई, आमचं नाव अवघड हाय का?"

आज दादाने मला अंगणात गाठलं. त्याला चाचांकडून सगळी हकिकत कळली होती, चेंडू बुरुजावर आपटला तेसुद्धा. तो दुकानातून तसाच आला होता, सदऱ्याला धान्याची धूळ.

"तुझ्या चुकीच्या कबुलीचा कागद लिहिलास का?" त्याने विचारलं.

"लिहिला."

"मग घरातच ठेव. सामना होईस्तोवर. कमिटी त्याला परदेशी म्हणून मंजूर करणार, तू जायच्या आधीच कारकुनाशी मी बोललोय. एकदा, फक्त एकदा वाशीला हरवू दे मला. मग तू दे तुझा कागद, कोण नको म्हणतंय?"

"सामना महिनाअखेरीनंतर आहे, दादा. त्यांची जागा जाईल."

"रोजंदारी कुठं जात नाही." तो खाली बघून म्हणाला. मग हळूच, "सात वर्षं हरतोय गं मी."

दादा माझ्याकडे कधी काही मागत नाही. मी पुण्याला शिकत होते तेव्हा माझी फी तो पोती उचलून भरत होता. त्याने हे कधी बोलून दाखवलं नाही, आजही दाखवलं नाही.

"दादा, कागद नाही माझ्याजवळ," मी म्हटलं. "धाराशिवला मोटार थांबली होती तेव्हा कचेरीत गेले. कारकुनाच्या हातात दिला, त्यांनी मोठ्याने वाचला, सगळी कचेरी हसली. मी तिथंच उभी राहिले आणि रामसिंगांच्या कागदाला तो टाचेपर्यंत हलले नाही."