सुमनची आठ वर्षं

मधुमती इंगवले इंग्लंडमधल्या स्लाऊच्या एका प्राथमिक शाळेत डिनर लेडी होत्या. म्हणजे दुपारी पोरांना रांगेत उभं करायचं, ताटात मटार वाढायचे, आणि ज्यानं मटार बाजूला सारलेत त्याच्याकडे असं बघायचं, की त्यानं मुकाट्यानं ते संपवावेत. हे शेवटचं काम बाईंना फार छान जमायचं. वय पासष्ट, पण गुडघे ऐंशीचे. संध्याकाळी घरी आल्या की आधी पाय वर करून बसायच्या, मगच चहाचं आधण.

यजमान शशिधर जाऊन सहा वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी सिया लंडनमधल्या पिनरला, जन्म इथलाच, कामाच्या रगाड्यात बुडालेली. तरी दर रविवारी यायची आणि आईचे कागद नीट लावायची. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी तिनं आईचं सरकारी पेन्शनचं रेकॉर्ड फोनवर उघडलं आणि फोन आईच्या हातात दिला.

बाईंनी चष्मा पुसला. स्क्रीनवर एकाखाली एक वर्षं होती. ८७, ८८, ८९... प्रत्येक वर्षापुढे लिहिलेलं, वर्गणी पूर्ण. बाई बोटानं सरकवत राहिल्या. अगं बाई, आपण इतकी वर्षं राबलो, ते कुणीतरी मांडून ठेवत होतं! घरात कुणी कधी विचारलं नव्हतं, की आज किती ताटं वाढलीस. आणि हे कोण कुठले लोक, एक वर्ष सुटू दिलं नव्हतं त्यांनी.

सुटलेली होती ती दहा, आणि ती बाईंचीच. सासूबाई साताऱ्याला अंथरुणाला खिळल्या तेव्हा बाई दहा वर्षं तिकडेच राहिल्या होत्या. पूर्ण पेन्शनला पस्तीस वर्षांची वर्गणी लागते, बाईंची भरत होती अठ्ठावीस.

"आई, पाच एप्रिल लास्ट डेट आहे," सिया म्हणाली. "मग हा जुना वर्षं भरता येत नाही."

कमी पडणारी सात वर्षं विकत घ्यायची, म्हणजे त्यांची वर्गणी आता भरायची, तर सहा हजार पौंडांना थोडे कमी लागणार होते. बाईंची सगळी शिल्लक मिळून साधारण तेवढीच होती. आपल्या म्हातारपणी कुणापुढे हात पसरायला लागू नये म्हणून ती त्यांनी पोटाला चिमटा काढून जमवलेली. भरावी, तर हाताशी फुटकी कवडी राहत नव्हती. न भरावी, तर जन्मभर तुटपुंजं पेन्शन, आणि तेच गुडघे घेऊन मटार वाढत राहायचं, नाहीतर सियाच्या घरी एक कोपरा धरायचा. सिया म्हणाली मी भरते. बाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि कुकर लावायला उठल्या. पण रात्रंदिवस तेच डोक्यात. शाळेत दोन पोरांनी मटार टाकून दिले आणि बाईंच्या लक्षातही आलं नाही, आता बोला.

त्या आठवड्यात एडिनबराहून नीनाचा फोन आला. नीना ही बाईंची लग्नाआधीची मैत्रीण. स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटवर, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, बिस्किटांच्या कारखान्यात दोघी एकाच पट्ट्यावर डबे भरायच्या. जगात ती एकटीच अजून बाईंना सुमन म्हणायची. आणि बाई? त्या फोन लावला की नुसतं "मी बोलतेय गं" एवढंच म्हणायच्या. नाव घ्यायच्या नाहीत.

बाईंनी तिला आपली पंचाईत सांगितली. नीनाला पेन्शन सुरू होऊन वर्ष झालं होतं. ती सहज म्हणाली, माझी यादी तर आपल्या कारखान्यापासून सुरू होते बाई, पहिली ओळ अठ्ठ्याहत्तर.

बाईंनी फोन ठेवला. त्यांची यादी सत्त्याऐंशीला सुरू होत होती. मग आधीची कुठे गेली?

आता इथे थोडं मागं जायला हवं. सत्त्याहत्तर साली सुमन घाडगे नावाची सतरा वर्षांची पोर वडिलांबरोबर स्लाऊला आली. पुढच्या वर्षी कारखान्यात लागली आणि आठ वर्षं तिनं बिस्किटांचे डबे भरले. दर शुक्रवारी पगाराचं पाकीट मिळायचं. ते न उघडता वडिलांच्या हातात द्यायचं, अशी घरची रीत होती. भावाचं शिक्षण, गावाकडचं घर, सगळं त्या पाकिटांतून झालं. पाकिटावर लिहिलेलं असायचं, इतका पगार, इतका स्टॅम्प कापला. स्टॅम्प म्हणजे हीच पेन्शनची वर्गणी. सुमन त्या कापणाऱ्यांच्या नावानं बोटं मोडायची. वडील विचारायचे, एवढेच कसे? जणू तिनंच वाटेत खाल्ले.

शहाऐंशी साली साताऱ्यात लग्न झालं. शशिधररावांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं नाव लिहिलं, मधुमती. पेढे वाटले. पुढचे आठ दिवस कुणी "मधुमती" अशी हाक मारली, की ती मागे वळून बघायची, कोण आलंय म्हणून. मग नव्या नावाचा पासपोर्ट झाला आणि दोघं स्लाऊला आली. शशिधरराव कागदांच्या बाबतीत भारी काटेकोर. नवी नोकरी धरायची म्हणून त्यांनी बायकोसाठी इन्शुरन्स नंबरचा, म्हणजे ज्यावर ही वर्गणी जमा होते त्या नंबरचा, फॉर्म स्वतः भरला. फॉर्मवर विचारलं होतं, यापूर्वी कधी नंबर मिळाला होता का? त्यांनी लिहिलं, नाही. आणि त्यात त्यांना काही खोटं वाटलं नाही. मधुमती इंगवले या बाईला कुठे कधी नंबर मिळाला होता? बाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनाही ते बरोबरच वाटलं. नाव गेलं, तसा त्या नावाचा नंबरही गेला असणार.

आता एवढ्या वर्षांनी बाईंना शंका आली. सियाला बोलावून घेतलं, पेन्शनवाल्यांना फोन लावला. पन्नास मिनिटं नुसतं संगीत. शेवटी एक बाई बोलली, आवाज तरुण, बोलणं समजुतीचं. तिनं विचारलं, तुमचं याआधी दुसरं नाव होतं का?

"हो," बाई म्हणाल्या. "सुमन घाडगे."

सियानं मान वर केली. "आई, सुमन कोण?"

सदतीस वर्षांची आपली लेक, आणि तिला हे नावच ठाऊक नाही. त्यांनी हातानंच खूण केली, थांब. तिकडून विचारत होते, जुना नंबर माहीत आहे का? कागद तर एकही उरला नव्हता. बाई नाही म्हणणार, तोच त्यांचं तोंड आपोआप चालू झालं. दोन अक्षरं, सहा आकडे, शेवटी पुन्हा एक अक्षर. पाढे म्हणावेत तसा नंबर बाहेर आला. रोज सकाळी हजेरीच्या कार्डावर लिहायचा, आठ वर्षं लिहिलेला. बाईंनी स्वतःच तोंडावर हात ठेवला.

तिकडे टकटक ऐकू आली.

"शी इज हिअर," फोनवरची बाई म्हणाली. "सुमन घाडगे. अठ्ठ्याहत्तर ते शहाऐंशी. आठ वर्षं, आठही पूर्ण."

सुमन आहे. इतकी वर्षं तिथेच आहे. जिला आई-वडील विसरले, सासरनं पुसून टाकलं, जिचं नाव आपण आपल्या पोटच्या पोरीला सांगितलं नाही, तिला कुणीतरी परक्यानं जसंच्या तसं सांभाळून ठेवलं होतं, एका आठवड्याचाही फरक न करता. बाईंच्या डोळ्यांना धार लागली. सात वर्षं हवी होती आणि पोरीनं आठ ठेवली होती.

फोनवरच्या बाईनं लग्नाचा दाखला पाठवायला सांगितला. दोन्ही नंबर एक करू, पत्र येईपर्यंत काही भरू नका, म्हणाली. त्या संध्याकाळी बाईंनी सियाला सुमनची सगळी गोष्ट सांगितली. कारखाना, नीना, शुक्रवारची पाकिटं. सिया हनुवटीला हात लावून ऐकत होती आणि मधूनच आईकडे अशी बघायची, जणू घरात कुणी नवीनच माणूस आलंय.

मार्च सरला तरी पत्र आलं नाही. चार एप्रिलला सियाचा धीर सुटला. ती बँकेचं कार्ड काढूनच बसली. उद्यानंतर जुनी वर्षं कायमची हातची जातील, पेन्शनवाल्यांची काही चूक झाली तर आपण काय करणार? भरून टाकूया, माझे घे, तुझे घे, पण भरूया. तिचंही खोटं नव्हतं. जन्मभराच्या पेन्शनचा प्रश्न, आणि भरवसा कशावर, तर फोनवरच्या एका आवाजावर.

बाई म्हणाल्या, "नाही भरायचं. त्या पोरीनं भरलेत एकदा. तिचे आठ वर्षांचे पगार सगळ्यांनी नेले. जे कापलं गेलं, तेवढंच तिच्या नावावर राहिलं. आता मीच त्यावर विश्वास नाही ठेवला, तर कुणी ठेवायचा?"

सियानं कार्ड पर्समध्ये ठेवलं. पाच तारीख गेली. बाईंना त्यानंतर महिनाभर धड झोप नव्हती, हेही सांगून टाकते. निर्धार वगैरे ठीक आहे, पण दारात पोस्टमन दिसला की बाई गुडघे विसरून धावायच्या.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात पत्र आलं. बाईंनी ते उभ्या उभ्याच फोडलं. पूर्ण पेन्शन, येत्या जानेवारीपासून. भरायचं काही नाही. वर नाव होतं मधुमती इंगवले, आणि त्याखाली छोट्या अक्षरांत, पूर्वीचं नाव सुमन घाडगे. दोन्ही नावं एका कागदावर बाई पहिल्यांदाच बघत होत्या. त्यांनी खालच्या नावावरून हळूच बोट फिरवलं. ज्या पोरीच्या हातात कधी एक पौंड राहिला नाही, ती आता दर महिन्याला त्यांचं घर चालवणार होती.

मग त्यांनी एडिनबराला फोन लावला. नीनानं उचलला, कोण म्हणून विचारलं.

"नीना," बाई म्हणाल्या, "मी सुमन बोलतेय."