बारा तारे आणि एक
मैद्याच्या खळीचा वास आला की मला गोव्याच्या हद्दीवरच्या आरोंद्यातला नाताळाआधीचा तो व्हरांडा आठवतो. वडील पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात जन्मलेले, म्हणून माझा मित्र पोर्तुगालचा पासपोर्ट घेऊन निघाला होता, म्हणजे भारताचा कायमचा परत करणार होता, आणि असे पासपोर्ट घेऊ नका म्हणून घोषणा देत, पत्रकं वाटत घसा बसलेला मी त्याच्यावर भडकलो होतो. तो मात्र बांबूच्या चांदणीला निवांत कागद चिकटवत होता. दर नाताळात ती दारावर तोच टांगायचा. मी मोबाइलवर दोन्ही झेंडे, भारताचा आणि पोर्तुगाल ज्यात आहे त्या युरोपीय संघाचा, त्याच्यापुढे धरले. "आपल्या चक्राक चोवीस आरे, तुझ्या युरोपच्या संघाक बारा तारे. तुझो झेंडो खंयचो, सांग!" त्याची आई वाकून बघायला लागली. "बारा देश आसत काय रे?" "सत्तावीस," तो म्हणाला. "मगे बाकीच्यांचे तारे खंय गेले?" "तारे देशांचे नाय गो आई, एकीचे. देश वाढले तरी ते बाराच." "आणि राष्ट्रगीत?" "सूर आसा, शब्द नाय." तिने त्या निळ्यावरच्या गोलावरून बोट फिरवलं, मग खळीची वाटी त्याच्याकडे सरकवत म्हणाली, "आसांदेत बारा. माझो ह्यो एक फुडल्या वर्सा कोण टांगतलो?" त्याने चांदणीच्या पुढच्या कोनाला खळ लावली, आणि मी मोबाइल खिशात ठेवला. आता दर डिसेंबरात चांदणी टांगायला तिच्या दाराला शिडी मी लावतो. त्याच्याशी भांडण अजून मिटलेलं नाही.