पंखाच्या पुढची खिडकी

"डावी का उजवी?" गिऱ्हाईक समोर बसलं की हातातलं पेन टेबलावर आपटून काका पहिला प्रश्न हाच विचारत. गिऱ्हाईक गोंधळून म्हणे, "कुठलीबी चालंल." झालं! काकांचा पारा चढे. "चालंल? मग एसटीनं जा ना! आभाळात चाललाय तुम्ही, भाजी आणायला नाही!"

छावणी भागातल्या विमानाच्या तिकिटांच्या त्या दुकानात मी पाच वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर काम केलं. अशा तिरसट माणसाला मालकानं ठेवलं कसं, असं तुम्हाला वाटेल. पण काकांनी निवडलेल्या खिडकीत बसून आलेला माणूस पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाकडे जात नसे.

सकाळच्या दिल्लीच्या विमानात उजवीकडं ऊन डोळ्यांत जातं, म्हणून डावी. पंखावरची जागा म्हणजे पत्रा बघत जाणं. कुठल्या विमानात कुठल्या रांगेला खिडकीच नसते, नुसती भिंत असते, हेही पाठ. परत आलेल्याला उभं करून विचारत, "काय दिसलं?" कुणी "झोप लागली" म्हटलं, की दिवसभर धुसफूस. "खिडकी घेऊन झोपतात! लाज नाही!"

स्वतः मात्र कधी विमानात बसले नव्हते. एकदा मी तसं बोलून गेले. ते खेकसले, "तू तुझं काम कर."

एका उन्हाळ्यात गंगापूरकडच्या एक मावशी आल्या. मुलीच्या बाळंतपणाला बंगळूरला निघाल्या होत्या. काकांनी डावी-उजवी विचारल्यावर म्हणाल्या, "भाऊ, वरून धरणाचं पाणी दिसंल का? आमचं गाव हाय त्यात. लहान व्हते तवा उठवलं आमाला."

काका ओरडले नाहीत. नकाशा काढला, पट्टी ठेवली. "उजवी. पंखाच्या पुढं. विमान वर चढताना बघायचं, डोळे मिटायचे नाहीत."

मावशींचं विमान गेल्यावर दोन दिवसांनी काकांनीच फोन लावला. "दिसलं का?"

"नाय ओ. माझ्या जागेवर एक साहेब बसला व्हता. त्यानं खिडकी झाकली अन् झोपला."

"अहो, जागा तुमची होती! उठवायचं त्याला! तोंड नव्हतं का तुम्हाला?" सगळं दुकान त्यांच्याकडे बघायला लागलं.

फोन स्पीकरवर होता. मावशी शांतपणे म्हणाल्या, "गावातून उठवलं तवा बी गपच उठलो की, बाबा. एका खुर्चीचं काय."

काकांनी फोन ठेवला. मग ते मालकावर ओरडले, माझ्यावर ओरडले, बंद पडलेल्या कूलरला लाथ घातली. संध्याकाळी मावशींच्या परतीच्या तिकिटाशेजारी त्यांनी आणखी एक जागा घेतली. स्वतःच्या नावानं.

"काका, त्यांच्या मुलीला सांगा ना, ती बसवून देईल," मी म्हणाले.

"बाहेरच्यांना विमानात चढू देतात का? अन् ती बाळंतीण असेल तेव्हा. अक्कल आहे का तुला?"

मावशींच्या परतीच्या वेळेला रेल्वेनं, मध्ये गाडी बदलून, ते बंगळूरला गेले.

आता काका नाहीत. ती दिवाळीही त्यांना लाभली नाही. पण परतल्या दिवशी ते चिकलठाण्याच्या विमानतळावरून थेट दुकानात आले होते, शर्ट चुरगळलेला, आवाज बसलेला. याही वेळी मावशींच्या जागेवर कुणीतरी बसला होता. काका असे गरजले, की हवाईसुंदरी धावत आली आणि तो माणूस निमूट उठला.

"आणि धरण? काय दिसलं, काका?"

"मला काय दिसणार? कप्पाळ!" ते चिडून म्हणाले. "मी मधल्या जागेवर. म्हातारीनं काचेला जे तोंड लावलं ते काढलंच नाही. पदर दिसला मला तिचा."

ते खुर्चीत बसले.

"नावं घेत होती गं," ते म्हणाले. "एकेका घराची. गाव मागं पडलं, तरी घेतच होती."