मागाचा खड्डा आणि अणुबॉम्ब

सीमेवर तणाव वाढला त्या मे महिन्यात आमच्या घरातला कूलर बंद होता. तो बिघडला नव्हता, बाबांनी बंद केला होता. नागपुरात मे महिन्यात कूलर बंद ठेवणं म्हणजे काय, हे बाहेरगावच्या माणसाला समजावत बसण्यात अर्थ नाही. त्याने महाल भागातल्या आमच्या गल्लीत येऊन एक दुपार काढावी.

शहरात सायरनची तालीम होणार, असं पेपरात आलं होतं. दिवस, वेळ काही दिलेलं नव्हतं. बाबांच्या मते ते मुद्दाम लपवलं होतं.

"कूलरच्या घरघरीत सायरन ऐकू येईन काय गा?" त्यांनी मला विचारलं. "आपण झोपून राहू अन् वरून अणुबम पडन."

"बाबा, अणुबॉम्ब पडला तर कूलर चालू काय अन् बंद काय?" मी म्हणालो. शाळेला सुट्ट्या असल्याने मास्तरकी करायला मला घरचेच उरले होते. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गुमान हातपंखा घेतला.

सत्तरी ओलांडलेले बाबा जन्मभर कचेरीत कारकून होते. साहेब ओरडो, फाईल हरवो, हा माणूस कधी हलला नाही. पण निवृत्त झाले आणि टीव्हीच्या तावडीत सापडले. टीव्हीवर सकाळपासून नकाशे, नकाशांवर लाल वर्तुळं, आणि बॉम्ब पडला तर काय होईल हे लग्नाचा मेनू सांगावा तशा उत्साहाने सांगणारी माणसं. शेजारचे काका म्हणाले, आपण देशाच्या मधोमध आहोत, इथवर काही पोचत नाही. बाबा म्हणाले, "कॅरममध्ये राणी मधातच ठेवते ना? मंग सगळे कोणावर टपून राहतेत?" काका त्या दिवसापासून आमच्याकडे चहाला यायचे बंद झाले.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं, पण बाबांची झोप उडाली. दुपारची उडाली, रात्रीचीही उडाली. त्यात कुणीतरी मोबाईलवर पाठवलं की आयोडीन घेतलं की किरणांचा त्रास होत नाही. मिठात आयोडीन असतं, म्हणून बाबांनी वरणात वरून मीठ घालून घ्यायला सुरुवात केली. आधीच ब्लड प्रेशर. आईने मिठाची बरणी लपवली, तोवर व्हायचं ते झालं होतं. डॉक्टरांनी पट्टा आवळला, आकडा पाहिला आणि आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, "यांना झोप लागली पाहिजे. असंच चाललं तर भरती करावं लागेल." तेव्हा मात्र मला खरंच भीती वाटली. अणुबॉम्बची नाही, बाबांची.

आणि मग बाबांना खड्डा आठवला.

आम्ही विणकरांच्या घरातले. आजोबा हातमागावर लुगडी विणायचे. आमच्याकडचा माग जमिनीत असतो. म्हणजे विणणारा जमिनीवर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडून मागाच्या पट्ट्या दाबतो. माग कधीच विकला गेला, खड्ड्यावर फळ्या टाकल्या आणि त्यावर गव्हाची कोठी ठेवली. बाबांनी ती कोठी मला सरकवायला लावली, फळ्या उचलल्या आणि जाहीर केलं, "हे आपलं बंकर."

त्या बंकरात एका माणसाचे कमरेपर्यंतचे पाय मावत होते.

"यात तू बसशीन," बाबा आईला म्हणाले.

"माये गुडघे पाहिले काय?" आई म्हणाली. "खाली तुम्ही उतरवान जी, वर काढाले कोण येईन? बम टाकणारे येतीन?"

मग बाबांनी स्वतःच तालीम घेतली. झोकात उतरले, पण वर येता येईना. मी एका हाताला, शेजारचे काका दुसऱ्या. काकांना बोलवावंच लागलं, आणि ते चहा घेतल्याशिवाय गेले नाहीत.

त्यानंतर बाबांनी काठावर गादी टाकली आणि पाय खड्ड्यात सोडून बसायचं ठरवलं. वेळ आली की नुसतं घसरायचं. माझ्याकडून त्यांनी शपथ घेतली, "सायरन वाजला अन् माया डोळा लागला असन, तर मले हालवाचं. समजलं?" मी गळ्याला हात लावून शपथ घेतली.

पहिल्याच दुपारी तिथे बसल्या बसल्या त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी आधी कधी सांगितली नव्हती. त्यांच्या लहानपणी एका लढाईच्या वेळी सायरन झाला, तेव्हा आजोबांनी त्यांना याच खड्ड्यात, आपल्या पायांशेजारी कोपऱ्यात बसवलं होतं. आणि स्वतः विणत राहिले. "बाबाचे पाय खालीवर, खालीवर," बाबा म्हणाले. "वर सुताचा धोटा इकडून तिकडे पळे, त्याचा खटखट आवाज. पाय थांबले नाही, म्हणून मले बी भेव नाही वाटलं."

बोलता बोलता ते मागे कलंडले. घरात तीच एक जागा गार होती, फरशीखालच्या मातीचा गारवा पायांना लागत होता. त्यांच्या पायथ्याशी आई सूप घेऊन वर्षाचे गहू पाखडत बसली होती. बाबा घोरायला लागले. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून मला गाणं ऐकल्यासारखं वाटलं.

आणि सायरन वाजला.

अख्ख्या गल्लीत तो कुणालाही ऐकू आला नाही, कारण घरोघरी कूलर चालू होते. संध्याकाळी काका विचारत होते, "केव्हा वाजला म्हणता?" ऐकू आला तो फक्त आमच्या घरात. मी उठलो, शपथ घेतलेला हात बाबांच्या खांद्याकडे नेला. आईने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही. सूप चालूच होतं. सायरन चढला, उतरला, थांबला. मी तसाच उभा होतो आणि बाबा घोरत होते.

ऊन उतरल्यावर त्यांना जाग आली. "वाजला काय?"

"नाही वाजला," आई म्हणाली.

"मंग उद्या वाजन," बाबा म्हणाले आणि चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्या झाल्या ते सायरनची वाट पाहायला खड्ड्यापाशी जाऊन आडवे झाले, आणि वाट पाहता पाहता झोपले. तिसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टरांनी पट्टा आवळला, आकडा पाहिला आणि विचारलं, कोणती गोळी बदलली?

पुढे सीमेवरचं निवळलं. टीव्हीवाले दुसऱ्या संकटाकडे वळले. कूलर सुरू झाला. फळ्या परत टाकायला मी उठलो, तर बाबांनी हाताने थांबवलं.

"राहू दे गा. अन् त्या दिवशी सायरन वाजला होता, मले माहीत हाय."

मी परत खाली बसलो. "मग उठले काहून नाही?"

"एक डोळा उघडून पाहिलं. तुयी आई गहू पाखडून राहिली होती. तिचं सूप थांबलं नाही. म्हटलं, काही नाही, झोपा." मग हसून म्हणाले, "तुयी आई खोटं बोलली, मी बी मुकाट ऐकून घेतलं."

हे मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं. ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं.

"गहू तं कधीचेच पाखडून झाले होते रे," ती म्हणाली. "तेच मूठभर घेऊन हालवत राहिली. लय भेव वाटलं मले. पण हात थांबला असता तं यायले जाग आली असती."

मी बाहेर येऊन खड्ड्याच्या काठावर बसलो आणि पाय आत सोडले. त्या जुन्या लढाईत आजोबांच्या मागावर सूत होतं की नव्हतं, हे आता विचारायला कुणी नाही.