बिनखोडीचे व्याही

आमच्या व्याह्यांच्या दावणीला खोडीचं जनावर जन्मालाच येत नाही. म्हसवडच्या बाजारात त्यांचा लंगडा बैल ‘ऐटीत चालतो’ आणि मारका ‘लेकरावानी लडिवाळ’ असतो. मी इस्लामपुरात पाठीवर ओझी वाहून स्वतःचं दुकान उभं केलेला माणूस. मला सहसा कुणी फसवत नाही. या गृहस्थांनी मात्र सोयरीक झाल्यावर पहिल्याच वर्षी मला चालता चालता मध्येच बसणारा बैल दिला. जाब विचारला तर म्हणाले, “पाव्हणं, इचारी हाय त्यो. बसून इचार करतो.” तो राग मी अजून जपून ठेवलाय.

पुढे व्याही स्वतःच मध्येच बसू लागले. चार पावलं टाकली की धाप, चेहरा पांढराफटक. लेकीचा निरोप आला, तसा मी त्यांना मिरजेच्या दवाखान्यात नेलं. रक्ताच्या बाटल्या चढल्या, बेरियम पाजून फोटो काढले, काही सापडेना. डॉक्टर म्हणाले, “लहान आतड्यातली एखादी बिघडलेली रक्तवाहिनी मधूनमधून पाझरत असावी. वाहत असतानाच जागा सापडेल. शौचाला डांबरासारखं काळं झालं की लगेच सांगा.” व्याही उत्तरले, “आमचं समदं झ्याक हाय, सायेब.” रोज झ्याक! आणि रक्त रोज कमी.

मी भडकलो. “आवं, खोड लपवायला डॉक्टर काय गिऱ्हाईक हाय व्हय? मराल अशानं!”

“तोंडानं खोड सांगणारा बाजारातनं उठतो, पाव्हणं.”

तोंडानं! मी खांद्यावरचा टॉवेल काढला, बैलाचा भाव बोटांनी ठरवताना टाकतात तसा त्यांच्या हातावर टाकला आणि खाली बोट दिलं. “आज काळं झालं असंल तर दाबा.”

पडेल भाव ऐकल्यासारखं त्यांनी तोंड फिरवलं. मग बोट दाबलं. लय जोरात.

मी ओरडतच डॉक्टरांना गाठलं. जन्मभर बैलांना वेसण घालणाऱ्या माणसाला मणी बांधलेला लांब दोरा गिळावा लागला; तो रक्ताने कुठे माखला त्यावरून जागेचा अंदाज आला. पोट उघडून आतड्यामागे दिवा धरला, तेव्हा विस्कटलेल्या शिरांचं जाळं दिसलं. तेवढा तुकडा कापून टोकं जोडली. शुद्धीवर येताच व्याही म्हणाले, “बगा, बाकीचं आतडं बिनखोडीचं निगालं का न्हाई?”

असली जाळी पुन्हा कुठेही होऊ शकतात, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय. व्याही आता बाजारात नुसते सावलीला बसतात. मी गेलो की टॉवेल टाकतो. “काळं?” बोट दाबलं जात नाही. “आन् त्यो बैल खोडीचा व्हता?” तेव्हाही नाही. सौदा तिथेच संपतो. पण हात सोडायची घाई हल्ली दोघांनाही नसते.