अकरा-दहाचा आनंद

शाळेत तिला सगळे ‘नव्या बाई’ म्हणत. ती नवी होती तेव्हा ते ठीक होतं, पण आता तिला नोकरीला लागून दोन वर्षं अकरा महिने झाले होते. तिच्यानंतर आलेला शिपाईसुद्धा जुना झाला, त्याला लोक ‘मामा’ म्हणायला लागले, बाई मात्र नव्याच राहिल्या. याचं कारण अगदी सरकारी होतं. तीन वर्षं भरून शाळा तपासणाऱ्या मोठ्या साहेबांचा चांगला शेरा पडल्याशिवाय नोकरी कायम होत नाही, आणि नोकरी कायम झाल्याशिवाय शाळेत माणूस जुनं होत नाही. शेरा वाईट पडला तर सामान आवरून सरळ घरी.

आणि घरी आई होती. दाराची कडी वाजली की आतून पहिला प्रश्न यायचा, “झालीस का कायम?” चपला काढायचीसुद्धा सवड नाही. शेजारणीपुढे लेकीचं कौतुक करताना आई “शिक्षिका आहे हो” असं खणखणीत सांगायची आणि मग आवाज खाली आणून “अजून कायम नाही” असं जोडायची. ऐकणारीला वाटावं, पोरीला काहीतरी दुखणं आहे आणि औषध चालू आहे.

पण खरं सांगायचं तर नव्या बाईंचं बरं चाललं होतं. तिच्याकडे दुसरी ‘ब’ होती. बत्तीस मुलं, एक फळा, एक टेबल, भिंतीवर एक घड्याळ आणि खिडकीची एक काच जी वारा आला की आपणहून थरथरायची. या वर्गाला हसायला कारण लागत नसे. खडू तुटला की हसू. बाई शिंकल्या की हसू. कुणाचा डबा बाकावरून घरंगळत दारापर्यंत गेला तर अर्धा तास अभ्यासाचं नाव नको. मधल्या सुट्टीत तिच्या टेबलावर कुणीतरी अर्धं बिस्कीट आणून ठेवायचं, दातांच्या खुणांसकट, आणि ते पोर दारात उभं राहून बघत असल्यामुळे तिला ते खावंच लागायचं. घरी जाताना बसमध्ये हे आठवून ती एकटीच हसायची आणि शेजारचा प्रवासी जरा सरकून बसायचा.

मग वरून आदेश आला. शाळांमध्ये आनंद कमी पडतो असं वरच्या लोकांच्या लक्षात आलं होतं. कसं लक्षात आलं कोण जाणे, त्यांच्यापैकी कुणी शाळेत आल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. तर प्रत्येक वर्गानं ‘आनंद नोंदवही’ ठेवायची. रकाने असे: तारीख, वेळ, आनंदाचं कारण, लाभार्थी संख्या, टक्केवारी.

नव्या बाईनं पहिल्या दिवशी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘खडू तुटला. लाभार्थी ३२.’ हेडमास्तरांनी तिला बोलावून घेतलं. हेडमास्तर स्वभावानं गरीब, पण कागद पुढे आला की त्यांना घाम फुटायचा.

“बाई, खडू तुटणं म्हणजे शाळेच्या मालाचं नुकसान. ते आनंदात कसं धरणार?”

दुसऱ्या दिवशी तिनं लिहिलं, ‘बाई शिंकल्या.’

“हे आजारपण झालं,” हेडमास्तर म्हणाले. “हे रजेच्या वहीत जातं.”

शेवटी तिसरीच्या बाईंना तिची दया आली. तिसरीच्या बाईंची सव्वीस वर्षं नोकरी झालेली, त्यामुळे त्यांना कशाचंच काही वाटत नसे. “अगं वेडे,” त्या म्हणाल्या, “आनंद काय त्या त्या दिवशी लिहितात? उद्या काय शिकवणार ते आपण आधीच लिहून ठेवतो ना? तसंच हे. शनिवारी शाळा सुटली की बसायचं आणि पुढच्या आठवड्याचा आनंद एकदम उरकून टाकायचा. माझा तर दिवाणखान्यात टीव्ही बघता बघता होतो.”

सल्ला अनुभवाचा होता. नव्या बाईनं तो डोळे मिटून मानला. शनिवारी बसून तिनं सोमवार ते शनिवार सगळा आनंद हातावेगळा केला. बुधवारच्या ओळीत लिहिलं, ‘वेळ ११.१०. मुले मनमोकळेपणाने हसली. लाभार्थी ३२. शंभर टक्के.’

आणि बुधवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मोठे साहेब तिच्या वर्गात हजर झाले.

साहेब किडकिडीत होते, खिशाला दोन पेनं. कागदावर आहे ते खरं आणि नाही ते खोटं, इतका त्यांचा हिशेब स्वच्छ होता. त्यांनी मुलांकडे न बघता नोंदवही उघडली. वाचली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पुन्हा वहीत बघितलं.

“बाई,” ते म्हणाले, “हा आनंद अजून व्हायचाय.”

एक महिना! फक्त एक महिना राहिला होता. नव्या बाईला आई दिसली, शेजारीण दिसली, आणि शेजारणीच्या चेहऱ्यावरची ती खोटी हळहळही दिसली. साहेबांमागे उभ्या हेडमास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. “साहेब, ते... म्हणजे पूर्वतयारी असते,” ते कसेबसे म्हणाले.

“तयारी असावीच,” साहेब शांतपणे म्हणाले. “मी अकरा-दहापर्यंत थांबतो.” आणि ते पहिल्या बाकावर, दोन मुलांच्या मधे बसले. गुडघे त्यांच्या हनुवटीला लागले.

वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे ‘पण-का’ म्हणत, कारण तिचं प्रत्येक बोलणं तिथे येऊन थांबायचं. तिनं विचारलं, “अकरा-दहाला काय होणारे?”

“तुम्ही सगळे हसणार आहात,” साहेब म्हणाले.

“पण का?”

साहेबांनी वही बघितली. “मनमोकळेपणा, असं कारण दिलंय.”

मुलीचं समाधान झालं नाही, पण तिनं बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पुढचा प्रश्न गिळला. सात वर्षांच्या माणसाला कळायचं तेवढं कळतं.

साहेबांनी मग डोकी मोजली. एकतीस. एका मुलाला गालगुंड झालं होतं. वहीत तर बत्तीस. नव्या बाईनं डोळे मिटून घेतले. तेवढ्यात हेडमास्तर एक पाऊल पुढे आले आणि आयुष्यात पहिल्यांदाच धाडस करून म्हणाले, “साहेब, बत्तिसावा लाभार्थी मी.”

आता गंमत बघा. गेले पंधरा दिवस ती मुलांना घड्याळ शिकवत होती आणि तिच्या नाकी नऊ आले होते. मोठा काटा दोनवर आला की दहा मिनिटं, हे काही केल्या त्यांच्या गळी उतरत नव्हतं. अर्धा वर्ग ‘अकरा वाजून दोन’ म्हणायचा. त्या दिवशी अर्ध्या तासात सगळ्यांना घड्याळ आलं. कुणी वहीकडे बघेना, फळ्याकडे बघेना. “एकवर आला,” मागून कुणीतरी कुजबुजलं. “म्हणजे अजून पाच मिनिटं,” दुसऱ्यानं सांगितलं.

काटा दोनवर टेकला आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, “हा! हा! हा! हा!” पाढे म्हणतात तसं, ठेका धरून. हेडमास्तर सगळ्यांत मोठ्यानं हसत होते आणि त्यांच्या कपाळावरून घाम वाहत होता. मिनिट संपलं तशी मुलं थांबली.

साहेबांनी मनगटावरच्या घड्याळाशी वेळ ताडून बघितली आणि शेरा लिहिला, ‘आनंद नोंदीप्रमाणे, वेळेवर व शंभर टक्के आढळला. तीन वर्षे भरताच बाईंना कायम करण्यास हरकत नाही.’ जाताना ते हेडमास्तरांना म्हणाले, “एवढी वर्षं शाळा तपासतोय. कागदावर लिहिलेलं वेळेवर घडलेलं आज पहिल्यांदा पाहिलं.”

संध्याकाळी कडी वाजली. “झालीस का कायम?”

“झालेच समज,” ती म्हणाली.

आई मटकन खुर्चीत बसली, रडली, मग शेजारणीकडे जाऊन आली. आल्यावर बराच वेळ स्वयंपाकघरात उगाच भांडी इकडची तिकडे करत राहिली. “आता उद्यापासून तुला काय विचारू गं?” ती म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या.

इथवर सगळं छान झालं. पण साहेब काम अर्धवट सोडणाऱ्यांतले नव्हते. पंधरा दिवसांत सगळ्या शाळांना आदेश निघाला: रोज अकरा वाजून दहा मिनिटांनी एक मिनिट आनंद. मामा घंटा द्यायचे, सगळे वर्ग हसायचे, मामा पुन्हा घंटा द्यायचे. हेडमास्तर पाहुण्यांना अभिमानानं सांगायचे की याचा उगम आमच्या दुसरी ‘ब’मध्ये झाला.

पुढच्या महिन्यातली गोष्ट. सकाळी सव्वादहाला एक मुलगा उभा राहून धडा वाचत होता. ‘पतंग’ शब्दापाशी त्याचा दात पडला. टपकन पुस्तकावर. त्यानं दात उचलला, उलटासुलटा करून पाहिला, खिशात टाकला आणि पुढचं वाक्य वाचायला लागला. आता त्याच्या प्रत्येक ‘स’बरोबर तोंडातून शिट्टी निघत होती. आणि त्या परिच्छेदात ‘ससा सरसर सरकला’ होता.

एरवी या वर्गानं जमिनीवर लोळण घेतली असती. त्या दिवशी एकही हसला नाही. गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, हात तोंडावर गेले, आणि बत्तीसच्या बत्तीस माना घड्याळाकडे वळल्या. “अजून पंचावन्न मिनिटं आहेत, बाई,” पण-का दबक्या आवाजात म्हणाली. वजाबाकी अगदी बरोबर होती. आणि ‘पण का’ असं तिनं विचारलं नाही.

नव्या बाईला स्वतःची लाज वाटली. इतकी वाटली की कायम झाल्याचा कागद परत नेऊन द्यावा असं क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं. ही पोरं तिच्या एका ओळीसाठी हसायची थांबली होती.

तिनं खुर्ची भिंतीशी ओढली आणि वर चढली. घड्याळ काढलं. मागची चावी फिरवून काटे अकरा-दहावर आणले, सेल काढून टेबलाच्या खणात टाकला आणि घड्याळ परत खिळ्याला लावलं.

“वाजले,” ती म्हणाली.

वर्ग फुटला. बाकं हलली, खिडकीची काच थरथरली, दात पडलेला मुलगा हसताना शिट्ट्या मारत होता, त्यावर पुन्हा सगळे हसत होते, आणि बाई खुर्चीवर उभीच राहून हसत होती. हेडमास्तर धावत आले.

“बाई! आनंद अवेळी?”

“अकरा-दहाच झालेत, सर.”

हेडमास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मनगटावरच्या बघितलं. “हे बंद आहे.”

“हो सर. सेल गेलाय. नव्या सेलसाठी रीतसर मागणी-अर्ज देते.”

मागणी-अर्जाचं नाव काढताच हेडमास्तरांना नळ आठवला. मागच्या वर्षी त्यांनी गळक्या नळासाठी अर्ज केला होता. त्याला सात महिन्यांनी उत्तर आलं होतं, ‘सदर नळ कोणत्या इयत्तेत आहे ते कळवावे.’ सेल यायला किती काळ लागेल याचा त्यांनी मनातल्या मनात अंदाज केला. मग त्या बिनदाताच्या मुलाकडे बघितलं. तो त्यांना दात दाखवायला खिसा चाचपत होता.

“अर्ज तीन प्रतींत द्या,” ते घाईघाईनं म्हणाले आणि त्यांनी काढता पाय घेतला. व्हरांड्याच्या टोकाला गेल्यावर त्यांचे खांदे हलताना मामांनी पाहिले.

मधल्या सुट्टीत ती अर्ज लिहायला बसली. शाळेचं नाव, वर्ग, वस्तू, संख्या, सगळं तिनं सुवाच्य अक्षरात भरलं. शेवटी एक रकाना होता, ‘निकड असल्यास नमूद करावी.’ तिथे तिनं तिन्ही प्रतींवर लिहिलं, ‘नाही.’