पगार वेळेवर होत नाही

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पापनिवेदनातसुद्धा नाही. दर प्रायश्चित्तकाळात जाळीपलीकडच्या फादरांना मी राग, आळस, शेजाऱ्याच्या कुत्र्याला मारलेला दगड अशी किरकोळ पापं नेमाने देत आलो. हे तेवढं ठेवून घेतलं. फादर माझा आवाज ओळखतात, हे एक कारण. दुसरं असं, की सांगितलं असतं तर दुरुस्तही करावं लागलं असतं.

मी निवृत्त शिक्षक. मिरवणाऱ्यांची मला पहिल्यापासून चीड. माझी मुलगी रीमा डॉक्टर झाली तेव्हा गावाने नाक्यावर फ्लेक्स लावला. त्यात शुभेच्छुकांचे फोटो तिच्या फोटोपेक्षा मोठे होते. मी त्यावर महिनाभर विनोद केले. आणि महिनाभर दूध आणायला मुद्दाम त्याच नाक्यावरून गेलो — हेही सांगून टाकतो, एवीतेवी सुरुवात केलीच आहे.

रीमासमोर दोन नोकऱ्या होत्या. एक मुंबईतल्या खाजगी इस्पितळात. बाहेरून सगळी काच, आत गारवा. दुसरी आमच्याच जिल्ह्यात, डोंगराकडच्या सरकारी आरोग्य केंद्रात, कंत्राटी. पगार कुठला जास्त असेल? मीही तुमच्यासारखाच चुकलो होतो. डोंगरातला जवळजवळ दीडपट होता. मुंबईत नवे डॉक्टर पैशाला पासरी. डोंगरात जायला कोणी तयार नाही, म्हणून सरकार भाव वाढवून देतं. जिथे भाजी पिकत नाही तिथे भाजी महाग. आम्ही भाजीच्या वाड्या करणारे, आम्हाला हे शिकवायला नको.

रीमाला डोंगरात जायचं होतं. शिक्षणाचं कर्ज तिला स्वतः फेडायचं होतं, लवकर. शिवाय ती म्हणायची, "तिकडे पेशंट माझे असतील, पप्पा. इकडे मी नुसती मोठ्या डॉक्टरच्या सह्यांची वाट बघणार."

मग एका लग्नात, मंडपात, शेजारच्या आंतोनने मला गाठलं. हातात ताट, आवाज बँडच्या वर.

"सर, पोरगी डोंगरात चालली म्हंतात? मुंबईत नाय मिळाली काय जागा?"

"मिळालीय. तिकडे पगार जास्त आहे."

"हां हां, पगार जास्त!" आजूबाजूचे चारजण हसायला तयारच होते. "मंग नर्स केली असती तर स्वस्तात पडलं असतं, सर!"

मीही हसलो. त्या चौघांपेक्षा जास्तच.

त्या आरोग्य केंद्रात माझा जुना विद्यार्थी सुनील औषधं द्यायच्या खिडकीवर असतो. रीमाच म्हणाली, पप्पा, एकदा त्यांना विचारून घ्या. मी विचारलं. तो इतका खूश झाला की आधी मला बोलूच देईना. "पगार महिन्याच्या महिन्याला, सर. वर डोंगरचा भत्ता. मॅडमना पाठवाच. डॉक्टर नाहीत म्हणून बायका बाळंतपणाला जीपने कुठल्या कुठे जातात. क्वार्टरच्या खिडकीला मी जाळी बसवून ठेवतो — माकडं येतात."

फोन ठेवला. रीमा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. काय म्हणाले?

मी म्हणालो, "पगार वेळेवर होत नाही म्हणे. चार-चार महिने."

असं वाक्य माझ्या तोंडून कसं आलं? तयारी केली होती का? नाही — आणि हो. त्या लग्नाच्या मंडपापासून ते कुठेतरी तयार होतच असणार. रीमा म्हणाली, "अरेरे. त्या सुनीलदादांचं घर कसं चालत असेल?"

तिने दुसऱ्या कोणाला विचारलं नाही. पप्पांनी चौकशी केली होती ना.

आठवड्याने सुनीलचा फोटो आला — खिडकी, तिला नवी हिरवी जाळी, कोपऱ्यात त्याच्या बायकोने ठेवलेली तुळस. मी तो पुसून टाकला. पुढे त्याचे दोन-तीन फोन आले. उचलले नाहीत.

रीमा काचेच्या इस्पितळात आहे. दुःखी आहे असं नाही. कर्ज अजून फिटतं आहे. आंतोन हल्ली भेटला की "आपली मुंबईची डॉक्टर" म्हणतो, आणि — मला ते आवडतं. अजूनही.

इथेच थांबलो असतो तर ही एका बापाची गोष्ट झाली असती. पण गेल्या नाताळात रीमाची एक ज्युनियर आमच्याकडे जेवायला आली. चांदीप गावची, शेतकऱ्याची मुलगी, घरातली पहिली डॉक्टर. धाकट्या दोन भावंडांची शिक्षणं तिच्या पगारावर चालायची होती. तिला त्याच डोंगराकडच्या तालुक्यातली सरकारी जागा देऊ केली होती. पगार ऐकून घरचे हरखले होते. काय करू, असं तिने रीमाला विचारलं.

"अजिबात जाऊ नकोस," रीमा म्हणाली. अगदी काळजीने, मोठ्या बहिणीसारखं. "कागदावर जास्त, पण पगार वेळेवर होतच नाही. मी कितीतरी जणांना सांगितलंय. आमच्या पप्पांनी स्वतः फोन करून विचारलं होतं. हो ना, पप्पा?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. बायकोही. मला कोणी घाई केली नाही, मंडपात नव्हतो, हसणारं कोणी नव्हतं. एक शब्द पुरला असता.

मी म्हणालो, "हो."

"बरं झालं विचारलं, काका," ती म्हणाली. मी तिच्या ताटात नाताळचे आणखी दोन तळलेले फुगे वाढले.